सतराव्या ओळीतलं शून्य

१

ओचान मास्तरांची पत्र्याची पेटी उघडली तेव्हा तिच्यात एक मोडका चष्मा, एक बायबल, खडूंचा डबा आणि एक मोकळी जागा होती. मोकळी जागा हजेरीपटाच्या मापाची होती.

"कुलूप?" लाबेजाने विचारलं.

"लावलेलं होतं. काल सकाळी पट आतच होता."

"किल्ली?"

मास्तरांनी सदऱ्यात हात घालून गळ्यातला दोरा ओढला. दोऱ्याला क्रूस होता, त्याला खेटून किल्ली होती.

"ही गळ्यातून कधीच निघत नाही. अंघोळीलासुद्धा नाही."

"मास्तर, तुम्ही अंघोळ..."

"विषय हजेरीपटाचा आहे," मास्तर म्हणाले.

लाबेजा हा गावातला कोर्टवाला. समुद्रापलीकडच्या मोठ्या न्यायालयाने त्याला एक निळं जॅकेट दिलं होतं. साक्षीदार गाठायचे, त्यांची समजूत घालायची, वकिलांचं इंग्रजी अचोलीत आणि गावाचं अचोली इंग्रजीत करायचं, एवढंच त्याचं काम. तपास करणं त्यात बसत नव्हतं. पण जॅकेटच्या पाठीवर ‘न्याय’ हा शब्द इतक्या मोठ्या अक्षरांत होता की कोंबडी हरवली तरी लोक त्याचंच दार वाजवत.

आणि ही कोंबडी नव्हती. सतरा वर्षांपूर्वी, वीस जूनला, ब्रिगेडियर ओबुराच्या बंडखोरांनी भर दुपारी शाळेला वेढा घातला आणि सातवीची एकतीस मुलं एका दोराला बांधून रानात नेली. सहा परत आली. उरलेली पंचवीस त्या वर्गात होती याचा जगात एकच लेखी पुरावा होता, आणि तो आता पेटीत नव्हता.

पटावर खरं तर बत्तीस नावं होती. बत्तिसावं लाबेजाचं. त्या दिवशी तो शाळा बुडवून घुशी पकडायला गेला होता. तरी पटावर त्याच्या नावापुढेही ‘हजर’ची खूण होती, कारण ओचान मास्तर सगळ्यांनाच नेहमी हजर लावत. शाळा-तपासनीस पटावरची हजर डोकी मोजून खडू द्यायचा. अख्ख्या वर्षाच्या पटात गैरहजेरीचं एकही शून्य नव्हतं. लाबेजा जिवंत होता तो न पकडलेल्या तीन घुशींच्या कृपेने, आणि कागदोपत्री तो अजून त्या दोराला बांधलेला होता.

"गुरुवारी कोर्टाच्या वकीलबाई येणार," मास्तर म्हणाले. "आज सोमवार. पोरा, पट मिळाला नाही तर माझी मुलं शाळेत होती हे तरी कोण सांगणार?"

२

मागच्याच आठवड्यात आंब्याखाली सभा झाली होती. ओबुरा पकडला गेला होता. समुद्रापलीकडे कोट घालून, कानाला हेडफोन लावून बसला होता. त्याच्यावरच्या आरोपांची यादी सत्तर पानांची होती आणि तिच्यात या गावाचं नाव नव्हतं. ते का नाही, हे सांगायचं काम लाबेजाकडे आलं.

"न्यायालयाचा अधिकार त्या वर्षीच्या एक जुलैपासून सुरू होतो," तो म्हणाला होता. "त्याच्या आधीचं त्यांना चालत नाही. आपलं वीस जूनचं आहे. अकरा दिवस कमी पडतात."

मग मागून कोणीतरी म्हणालं, "ओबुराला कोणी सांगायला हवं होतं, थोडं थांब म्हणून."

कोणी हसलं नाही. वकीलबाई तरीही येणार होत्या, पट बघायला, ‘पार्श्वभूमी समजून घ्यायला’. पार्श्वभूमी म्हणजे ऐकून घ्यायचं, पण आरोपात धरायचं नाही, हे लाबेजाने सभेला सांगितलं नव्हतं. त्याला स्वतःलाही ते नीटसं आवडलं नव्हतं.

तर पट कोणी नेला? लाबेजा पहिल्यांदा चेअरमन लातिगोंकडे गेला. गावातला प्रत्येक कागद चेअरमनच्या शिक्क्याखालून जायचा. शिक्का ते खिशात घेऊनच हिंडत.

"मी कशाला चोरू?" चेअरमन म्हणाले. "मला यादीत गाव हवंय. यादीत गाव आलं की स्मारक येतं, स्मारक आलं की रस्ता येतो. पट गेला की रस्ता गेला. लिहून घे, शिक्का मारून देतो."

"नको."

"मारू दे की रे. कोरडा पडलाय."

दुसरा ओजारा. लाबेजाचा वर्गमित्र, परत आलेल्या सहांतला एक. सात वर्षं रानात काढून आला, त्यातली तीन ओबुराच्या पहाऱ्यावर. आता मोटारसायकलवरून प्रवासी नेत असे. गावातले लोक त्याच्या गाडीवर बसत, पण मान वळवून त्याच्याशी बोलत नसत.

"माझ्याकडेच येणार तू, माहीत होतं," तो चाकात हवा भरता भरता म्हणाला. "काही गेलं की ओजारा. मागे शेळी गेली तेव्हासुद्धा ओजारा. शेळी सापडली, तर म्हणे ओजाराने आणून सोडली असेल."

"तू नेलास का?"

"नेला असता तर जाळला असता, लेका. त्यात माझं नाव आहे."

तिसरं ठिकाण लान्येरोच्या आईचं. तिच्या अंगणात नाचणीची दारू, क्वेते, भोपळ्याच्या कटोऱ्यातून मिळायची, आणि ओचान मास्तर रोज दुपारी दोन भोपळे पिऊन तिच्याच ओसरीवर तोंड उघडं टाकून झोपत. गळ्यातला दोरा तेव्हा सगळ्या गावासाठी उघडा असे.

लान्येरोची आई गाळणीवर वाकलेली होती. तिची लान्येरो पटावर सतराव्या ओळीत होती आणि ती परत आली नव्हती.

"मावशी, रविवारी मास्तर झोपले तेव्हा इथं कोण कोण होतं?"

"सगळं गाव. चेअरमन होता, ओजारा येऊन पाणी पिऊन गेला. क्वेते घेत नाही तो." तिने हात पुसले. "तुला देऊ?"

"कामावर आहे."

"मग अर्धा देते."

तो बसून प्याला. झोपडीच्या भिंतीवर चर्चचं जुनं कॅलेंडर होतं, मेंढरांचं चित्र असलेलं. वर जुलैचं पान होतं. बाहेर जून चालला होता. लाबेजाला काहीतरी खटकलं, पण अर्धा भोपळा पोटात गेल्यावर ते विरघळलं.

"मावशी, तुला वाचता येतं का?"

"मला?" ती हसली. "जेरीकॅनवरचे आकडे येतात. कशाला?"

"काही नाही," लाबेजा म्हणाला आणि मनातल्या यादीतून त्याने तिचं नाव खोडलं.

३

बुधवारी सकाळी पट परत आला.

ओचान मास्तर दार उघडून बाहेर आले आणि त्याच्यावरच पाय देऊन घसरले. केळीच्या पानात नीट बांधलेला होता. एक पान फाटलेलं नाही, एक डाग नाही.

"चोराला पश्चात्ताप झाला," मास्तर गुडघा चोळत म्हणाले. "देव आहे."

लाबेजाने जूनचं पान उघडलं. मग जुलैचं उघडलं. मग पुन्हा जूनचं. मग तो ओसरीच्या कट्ट्यावर बसला.

"मास्तर, आपला पट वीस तारखेला संपतो ना?"

"मग! एकवीसला घ्यायला मुलं कुठं होती?"

"आता तो एक जुलैला संपतो."

चोरीचा माल वाढून परत आला होता. एकवीस, चोवीस, पंचवीस, सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस आणि एक जुलै, असे शाळेचे सात दिवस. शनिवार-रविवार बरोबर सोडलेले. बत्तीस मुलांपुढे निळ्या शाईत खुणा, ओळीवर ओळ. दोराला बांधलेली, रानातून चालणारी मुलं सात दिवस वर्गात बसून होती. लाबेजासुद्धा सातही दिवस हजर होता. जन्मात तो सलग सात दिवस शाळेत गेला नव्हता.

"एक जुलै," मास्तर पुटपुटले. "म्हणजे आता हे गाव..."

"यादीत बसतं," लाबेजा म्हणाला.

मास्तरांचं बोट खाली सरकत सरकत एका जागी थांबलं.

"हे काय आहे?"

सतरावी ओळ. सत्तावीस तारीख. सगळ्या पानात एकच शून्य.

४

लाबेजाने व्हिडिओ हॉलमध्ये पाहिलं होतं की अशा वेळी सगळ्या संशयितांना एका खोलीत बोलवायचं असतं. त्याने तिघांना शाळेत बोलावलं. चेअरमनना वेळ नव्हता. लान्येरोच्या आईची क्वेते शिजत होती. एकटा ओजारा आला आणि सातवीच्या बाकावर, आपल्या जुन्या जागेवर, गुडघे पोटाशी घेऊन बसला. लाबेजाने त्याच्यापुढे पट ठेवला.

ओजाराने तो पाहिला. पान उलटलं, परत आणलं.

"एकवीसला मी हजर?" त्याने विचारलं.

"हो."

"चोवीसला हजर?"

"हो."

"चोवीसला काय झालं होतं, तुला माहितेय? त्या दिवशी आमच्यातल्या एकाने पळायचा प्रयत्न केला. पकडला. मग आम्हाला सगळ्यांना हातात काठ्या दिल्या." त्याने पटावर बोट ठेवलं. "आणि हा पट म्हणतो, मी इथं बसून गणित सोडवत होतो. बरं झालं असतं, लेका. फार बरं झालं असतं. पण हे मी लिहिलेलं नाही. मला ते दिवस पुसता आले असते तर मी खूण नसती केली, सबंध पान फाडलं असतं."

तो उठून गेला. लाबेजा एकटाच बाकांपुढे उभा राहिला आणि आता ऐकायला कोणी नाही म्हणून मोठ्याने विचार करू लागला.

चेअरमन? हे पान चेअरमनने लिहिलं असतं तर त्यावर शिक्का असता. शिक्क्याशिवाय ते बायकोला पत्रही पाठवत नसत. मास्तर? मास्तरांनी आयुष्यात शून्य काढलं नव्हतं. खोटी हजेरी लिहिताना त्यांचा हात सगळ्यांना हजरच लावणार, शून्य काढायला तो वळणारच नाही. ओजारा? तो फाडणारा, वाढवणारा नव्हे.

मग एवढं खपून खोटं लिहिणारा माणूस मध्येच एका मुलीला गैरहजर का दाखवतो? दोनशे चोवीस चौकोन भरताना दोनशे तेवीस वेळा ज्याने बेलाशक खोटं लिहिलं, त्याला एकाच ठिकाणी खरं का लिहावंसं वाटलं?

सत्तावीस जून. त्याने बोटं मोजली. एक जुलैला सोमवार असेल तर सत्तावीसला गुरुवार.

गुरुवारी गुरांचा बाजार. बाजारासाठी क्वेते. क्वेतेसाठी पाणी. सातवीत असताना दर गुरुवारी सतराव्या ओळीची जागा मोकळी असायची, मास्तर तिला हजर लावायचे, आणि लाबेजाला तिचा हेवा वाटायचा.

पण तिला तर वाचता येत नव्हतं. मग लाबेजाला आठवलं: वाचायचं होतं काय? आकडे जेरीकॅनवर असतात. महिन्याचं नाव कॅलेंडरवरून अक्षर न अक्षर उतरवता येतं. आणि नावांचा क्रम? दर वीस जूनला मास्तर शाळेच्या अंगणात तीच नावं त्याच क्रमाने पुकारत आणि आयाबाप ‘हजर’ म्हणत. सतरा वर्षं ऐकल्यावर कोणती ओळ कोणाची हे आंधळ्यालाही आलं असतं.

आणि ते कॅलेंडर! सतरा वर्षं तिच्या भिंतीवर जूनच होता. तिने पान कधीच उलटलं नव्हतं. गावातली पोरं त्यावरून चिडवत, लान्येरोच्या आईच्या घरी पाऊस उशिरा पडतो म्हणून. सोमवारी तिथं जुलै होता.

५

"उलटलं पान," लान्येरोची आई म्हणाली. ती मडक्याशी बसली होती, उठली नाही. "एक जुलै कुठं पडतो ते बघायचं होतं. चोवीस शाळेचा वार की नाही, तेही."

"मावशी, तू सगळं इतकं बरोबर केलंस. तारखा बरोबर, सुट्ट्या बरोबर. हे एक शून्य का काढलंस? त्याच्यामुळे सापडलीस."

तिने पळी मडक्यात बुडवली. ढवळलं नाही, नुसती बुडवून धरली.

"दर गुरुवारी मी तिला घरी ठेवायची. त्या दिवसाच्या आदल्या दिवशी ओचान मास्तर ओसरीवर बसून म्हणाला, पोरगी हुशार आहे, तू तिचं डोकं पाण्याखाली बुडवतेयस. मला राग आला. म्हटलं, जा बाई, जा शाळेत, उद्या पाणी मी आणते. गुरुवार होता, लाबेजा. वीस जून. वर्षात एकच गुरुवार मी तिला पाठवली."

बाहेर कोंबड्या नाचणीवरून भांडत होत्या.

"परवा लिहायला बसले. सगळ्यांना हजर करत गेले, तुलासुद्धा केलं, तू कसला येणार होतास. मग गुरुवार आला. सगळं खोटंच लिहायचं होतं ना? पण हात गेला नाही. पुन्हा गुरुवारी तिला शाळेत पाठवायला माझा हात गेला नाही."

लाबेजाने जॅकेट काढून घडी केली आणि मांडीवर ठेवलं, न्याय आत करून.

"सांगणार त्या बाईला?" तिने विचारलं.

"मी दुभाष्या आहे, मावशी. मला कोणी विचारलं तर मी बोलतो."

"मग कोणी विचारू नये म्हणून मेणबत्ती लावते."

६

तपास लावून तपास करणारा गुन्ह्यात सामील झाला, हे लाबेजाने व्हिडिओ हॉलमध्ये कधी पाहिलं नव्हतं. बुधवारी संध्याकाळपर्यंत सगळं गाव सामील झालं होतं. चेअरमननी आंब्याखाली तालीम घेतली.

"मुलं कधी नेली?"

"सोमवारी! एक जुलैला!" गाव ओरडलं.

"दुःखाने म्हणा. शर्यत जिंकल्यासारखं नको."

ओचान मास्तरांनी तीनदा ‘वीस’ म्हटलं आणि चौथ्यांदा त्यांना घरी पाठवण्यात आलं. ओजारा तालमीला आला नाही.

गुरुवारी वकीलबाई आल्या. नाव मार्गित, दोन तासांच्या धुळीने केस पिवळ्याचे तांबडे झालेले. त्यांनी शेंगदाण्याच्या वाटणातली पालेभाजी बोटांनी पुसून खाल्ली, त्यामुळे गावाला त्या लगेच आवडल्या, आणि त्यांना फसवणं जरा जड जाऊ लागलं. मग वर्गात बसून त्यांनी पट उघडला.

त्या एकेक पान उलटत गेल्या. चेअरमन खिशातला शिक्का कुरवाळत होते.

"खरं सांगू?" बाई लाबेजाला म्हणाल्या. "सुरुवातीची पानं बघून मला शंका आली होती. एकही गैरहजेरी नाही. असा पट न्यायालयात एक मिनिट टिकत नाही. पण हे बघा." त्यांचं बोट सतराव्या ओळीवर होतं. "हे शून्य. खोटं लिहिणारा माणूस असलं काही लिहीत नाही. या एका शून्यामुळे हा पट खरा वाटतो."

लाबेजाने हे अचोलीत सांगितलं. ओचान मास्तरांनी, ज्यांच्या हातच्या अस्सल खुणा खोट्या ठरल्या होत्या, डोळे मिटून घेतले.

"या मुलीचं कोणी आहे का इथं?"

लान्येरोची आई पुढे आली. बाजाराचा दिवस होता, तिच्या हातांना नाचणीचा वास होता.

"त्या गुरुवारी ती शाळेत का नव्हती?" बाईंनी विचारलं. लाबेजाने ते अचोलीत विचारलं.

"पाणी भरायला ठेवली होती. दर गुरुवारी ठेवायची."

त्याने तेही सांगितलं. बाईंनी लिहून घेतलं आणि मान हलवली. आता एकच प्रश्न उरला होता आणि त्याचं उत्तर आंब्यालासुद्धा पाठ होतं.

"आणि तिला नेलं तो वार कोणता होता?"

लाबेजाने विचारलं. लान्येरोच्या आईने तोंड उघडलं. ‘सोमवार’ तिच्या ओठांवर आलेला त्याला दिसला. मग ती थांबली.

"गुरुवार," ती म्हणाली.

चेअरमनच्या तोंडून बारीक आवाज निघाला. बाई लाबेजाकडे बघत होत्या, पेन धरून. त्या खोलीत दोन्ही भाषा येणारा एकच माणूस होता. त्याने ‘सोमवार’ म्हटलं असतं तर एकतीस मुलं त्याच क्षणी सत्तर पानी यादीत गेली असती. ओबुराला हेडफोनमधून त्यांची नावं ऐकावी लागली असती.

"मावशी," तो हळू आवाजात म्हणाला, "मी सोमवार सांगतो. बाईंना कळणार नाही."

"मी काय म्हणाले ते सांग."

"यादीत नाव येईल तिचं."

"सोमवारी ती रोजचीच जायची, लाबेजा. सोमवारी नेली असती तर त्यात माझं काय होतं?" तिचा आवाज चढला नाही. "मी तिला गुरुवारी पाठवली. तेवढं एकच माझ्याकडे आहे. ते त्या यादीसाठी देऊन टाकू? सांग तिला, गुरुवार. आणि सात दिवस मी लिहिले, तेही सांग."

लाबेजाने सांगितलं. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याने वर्गात पूर्ण उत्तर दिलं.

मार्गितबाईंनी पेनाला टोपण लावलं. त्या रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "मला फार वाईट वाटतं," त्या म्हणाल्या. "पण यात आता काही लिहिलं गेलंय, त्यामुळे हा पट पार्श्वभूमी म्हणूनसुद्धा घेता येणार नाही." मग त्यांनी लान्येरोच्या आईचा हात दोन्ही हातांत धरला, आणि गाडी धूळ उडवत निघून गेली.

"अकरा दिवस," चेअरमन म्हणाले. त्यांनी शिक्का काढला, मारायला काही सापडलं नाही म्हणून बाकावर मारला.

७

बाजार उठल्यावर लोक दरवर्षीप्रमाणे शाळेच्या अंगणात जमले. वीस जूनच होता. ओचान मास्तरांनी पट उघडला. वाढलेले सात दिवस त्यांनी खोडले नव्हते.

त्यांनी नावं पुकारायला सुरुवात केली. आया, बाप, कुठे कुठे भाऊ, एकेक जण ‘हजर’ म्हणत होता. सात वर्षांनी परत आलेला ओजारा या वर्षी पहिल्यांदाच आला होता. गर्दीच्या कडेला मोटारसायकलवर बसून तो स्वतःच्या नावाला ‘हजर’ म्हणाला, आणि कोणीतरी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"लान्येरो," मास्तर म्हणाले.

उत्तर आलं नाही. मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. ती त्यांच्यासमोरच उभी होती.

"लान्येरो," ते पुन्हा म्हणाले, या वेळी हळू.

"गैरहजर," लान्येरोची आई म्हणाली. "घरी आहे. पाणी भरतेय."

मास्तरांनी खिशातून पेन काढलं. वीस तारखेच्या चौकोनातली स्वतःची जुनी खूण त्यांनी बराच वेळ पाहिली. मग जन्मात कधी न काढलेलं शून्य त्यांनी तिच्यावर काढलं, वेडंवाकडं, आणि पुढचं नाव पुकारलं.